उन्हात विझणारे चार्ट : नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मुरलीधर मोहोळ साहेब,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातली. घरी वडिलांची केळी आणि कापूस. मी चार्टर विमान चालवते. ज्यांना वेळापत्रकाच्या विमानाची वाट पाहायची नसते किंवा जायचं तिथे ते जातच नाही, अशा उद्योजकांना, डॉक्टरांना, कधी पुढाऱ्यांना घेऊन जाणारं दोन इंजिनांचं छोटं विमान. आपल्या मंत्रालयात इंग्रजी अर्ज रोज येत असतील. आपण पुण्याचे आहात, म्हणून हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. विषय आहे आमच्या कॉकपिटमधल्या टॅबलेटचा. चार्ट, म्हणजे वैमानिकाचे मार्गाचे आणि उतरण्याचे नकाशे, आम्ही आता त्यावरच पाहतो.

आधी एका मे महिन्यातली दुपार सांगते. एका लग्नाला आलेल्या पाहुण्यांना घेऊन आम्ही सकाळी मुंबईहून जळगावला उतरलो. दोनला निघायचं ठरलं होतं. पंगत लांबली, पाहुणे साडेतीनला आले. तोवर विमान उघड्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या मोकळ्या जागेत, उभं होतं. काचांना आतून चंदेरी पडदे लावले होते, तरी सीटबेल्टच्या बकलाला हात लागला की चटका बसत होता. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते महाराष्ट्राला सांगायला नको.

आम्ही पश्चिमेकडे उडालो. समोरच्या काचेतून सूर्य थेट अंगावर. काचेला रबरी वाटीने चिकटवलेला माझा टॅबलेट चढाईतच आधी मंद झाला, मग काळा पडला आणि त्यावर थर्मामीटरचं चिन्ह आलं : उपकरण थंड होऊ द्या. मी कॅप्टनच्या टॅबलेटकडे पाहिलं. एक-दोन मिनिटांत तोही गेला. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, दिवसभर एकाच उन्हात तापलेले.

कॅप्टन काही बोलले नाहीत. त्यांनी बॅगेतून एक खाकी लिफाफा काढून माझ्या मांडीवर ठेवला. आत मुंबईचे चार-पाच चार्ट होते : येण्याचा मार्ग, उतरण्याची पद्धत, विमानतळाचा आराखडा. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून छापलेले, कोपऱ्यात पेनाने तारीख घातलेली. त्यांची ही सवय मला तोवर जुन्या पिढीची वाटायची. त्या दिवशी मुंबईच्या उतरणीची सगळी तयारी आम्ही त्या कागदांवरून केली. वर गेल्यावर केबिन गार झाली आणि कसाऱ्याच्या आसपास दोन्ही टॅबलेट पुन्हा सुरू झाले. विमान नेहमीसारखं उतरलं. पाहुण्यांना काही कळलंसुद्धा नाही.

साहेब, मला हे फुगवून सांगायचं नाही. विमानाची स्वतःची उपकरणं चालू होती, एटीसीशी, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी, बोलणं चालू होतं. विमान पडायच्या बेतात नव्हतं. पण कोणत्या ठिकाणापर्यंत किती उंचीखाली जायचं नाही आणि धावपट्टी दिसली नाही तर कुठे वळून किती चढायचं, हे चार्टवर लिहिलेलं असतं. ते पाठ करून उडायचं नसतं. तो लिफाफा नसता तर आम्ही दोघे एटीसीच्या भरवशावर असतो, आणि पावसाळ्यातल्या मुंबईवर तो भरवसा पुरत नाही. मी त्या दिवसाची नोंद दिली. कंपनीकडून उत्तर आलं : टॅबलेट सावलीत ठेवत जा.

घरी हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "ऊन कोनले सोडस का?" शेतात त्यांचा मोबाइल तापतो तेव्हा ते तो केळीच्या पानाखाली ठेवतात. कॉकपिटमध्ये सावली कुठून आणायची?

टॅबलेट बनवणारी कंपनीच सांगते की आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सियसच्या हवेत वापरावा, आणि बंद करून ठेवायचा तरी ४५ अंशांच्या आत. खानदेशात एप्रिल-मेमध्ये ४५ अंश ही सावलीतली गोष्ट असते. उन्हात उभ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये त्याच्या कितीतरी वर जातं. आणि अडचण इथेच आहे. हवा तापली की ती विरळ होते, पंखांना आणि इंजिनाला तिची पकड कमी मिळते. ४५ अंशांत जळगावची धावपट्टी विमानाला साडेचार हजार फूट उंचावर असल्यासारखी वागवते, आणि तिची लांबी सुमारे १७०० मीटरच आहे. अशा दिवशी किती वजन न्यायचं, उडायला किती धावपट्टी लागेल, याचा हिशेब काटेकोर करावा लागतो. तो हिशेबही आता त्याच टॅबलेटवरच्या ॲपमध्ये करतात. म्हणजे ज्या उन्हामुळे हिशेबाची गरज सर्वांत जास्त, तेच ऊन हिशेबाची पाटी बंद पाडतं.

मी टॅबलेटच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते. १९३०च्या दशकात एल्रे जेपेसन नावाच्या अमेरिकी वैमानिकाने टेकड्या, टाक्या, धावपट्ट्यांच्या नोंदी एका काळ्या वहीत टिपायला सुरुवात केली. त्यातून चार्टचा मोठा धंदा उभा राहिला आणि पुढची कितीतरी दशकं वैमानिक जाडजूड बाइंडर वाहत राहिले. चार्ट दर २८ दिवसांनी बदलतात. जुनी पानं काढा, नवी घाला, एक पान चुकीच्या जागी गेलं की संपलं. आमचे ज्येष्ठ या कामात रविवार घालवायचे. आज तेच काम दोन मिनिटांत होतं आणि चार्टवर आपलं विमान कुठे आहे तेही दिसतं. छोट्या कॉकपिटमध्ये, रात्री, पावसात, मांडीवर कागद उलटण्यापेक्षा हे निश्चित सुरक्षित आहे.

या बदलाची वाट चार्टर जेट विमानांनीच उघडली. २०११च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एक्झिक्युटिव्ह जेट मॅनेजमेंट या चार्टर कंपनीला आयपॅडवरचे चार्ट हाच मुख्य आधार म्हणून वापरायची परवानगी मिळाली. त्याआधी ५५ वैमानिकांनी दहा प्रकारच्या विमानांत सुमारे २५० उड्डाणांमध्ये तो वापरून पाहिला. केबिनचा दाब एकाएकी गेला तर आयपॅड टिकतो का, हे ५१,००० फुटांची परिस्थिती निर्माण करून तपासलं गेलं. त्यांची भीती उंचीची होती, म्हणून त्यांनी उंचीची परीक्षा घेतली. आपली भीती उन्हाची आहे. मग मे महिन्यातल्या दुपारी जळगावच्या, अकोल्याच्या किंवा नागपूरच्या ॲप्रनवर तीन तास उभ्या विमानात टॅबलेट ठेवून ही परीक्षा का घेऊ नये? परवानगी देताना मागाव्या लागणाऱ्या कागदपत्रांत ही एक नोंद वाढवायला फारसा खर्च नाही.

नियम नाही असं मी म्हणत नाही. टॅबलेट बंद पडला तर उड्डाण सुरक्षित पार पाडण्याइतकी माहिती वैमानिकाच्या हाताशी असली पाहिजे, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ६ मध्येच आहे. पण कागदोपत्री दोन टॅबलेट दाखवले की ही अट पूर्ण झाली असं धरलं जातं. एकाच उन्हात तापलेले दोन टॅबलेट हे दोन आधार नव्हेत. मोठ्या कंपन्यांनाही हा धडा मिळालेला आहे. २०१५च्या एप्रिलमध्ये अमेरिकन एअरलाइन्सची डझनावारी उड्डाणं रखडली, कारण ॲपमध्ये वॉशिंग्टनच्या विमानतळाचा एक चार्ट दोनदा गेला होता आणि त्यामुळे वैमानिकांचे आयपॅड जमिनीवरच बंद पडत होते. त्या कंपनीमागे शेकडो माणसांचा तांत्रिक विभाग होता. आमच्यासारख्या दोन-तीन विमानांच्या कंपनीत तो विभाग म्हणजे वैमानिकच. हवामान तोच पाहतो, नोटॅम, म्हणजे विमानतळांविषयीच्या ताज्या सूचना, तोच उतरवतो, इंधनाचा हिशेब तोच करतो, पाहुण्यांचं सामानही कधी तोच चढवतो. टॅबलेट कधी कंपनी देते, कधी स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो, आणि तेव्हा माणूस स्वस्तातला घेतो. स्वस्त म्हणजे सिमकार्ड नसलेला, फक्त वायफायचा. त्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते, हे कित्येकांना पहिल्या उड्डाणापर्यंत माहीत नसतं. मी स्वतः त्यातली एक होते.

आता चार्टविषयी. मुंबई, दिल्लीचे चार्ट उत्तम असतात. पण आमच्यासारखी विमानं जातात कुठे? धुळ्याला गोंदूरची धावपट्टी, शिरपूरची धावपट्टी. मी धुळ्याला उतरते तेव्हा माझ्या ॲपमध्ये धावपट्टीची एक रेघ दिसते, आणि बाकीचं मला डोळ्यांनी शोधावं लागतं. मी या भागातली आहे म्हणून मला ठाऊक आहे की साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे, उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उठतो आणि उन्हाळ्यात धुरकट हवेत त्याचा माथा दिसत नाही. चेन्नईहून पहिल्यांदा येणाऱ्या वैमानिकाने हे कुणाला विचारायचं? त्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर धावपट्टीचा फोटो पाठवतो. त्यावर तो उतरतो.

पडद्यावरच्या नकाशाची आणखी एक खोड आहे. कागदावर जे छापलं ते दिसतंच. पडद्यावर नकाशा लांबून पाहिला की बारीक गोष्टी ॲप स्वतःच गाळून टाकतं. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली वेस्टास विंड ही नौका मॉरिशसच्या ईशान्येला प्रवाळाच्या खडकांवर आदळली. इलेक्ट्रॉनिक नकाशात ते खडक होते, पण खलाशांनी पाहिला त्या झूमवर ते दिसत नव्हते. समुद्रात खडक, आमच्याकडे पवनचक्की आणि उच्चदाबाच्या वाहिनीचे मनोरे. फरक इतकाच की आमच्याकडे ते अजून कुठल्याच झूमवर नीट दिसत नाहीत.

जुलै २०२१ मध्ये आमच्याच चोपडा तालुक्यात, वर्डीजवळ सातपुड्यात, प्रशिक्षणाचं विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले. शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. त्या अपघाताचा चार्टशी संबंध जोडण्याचा मला काही अधिकार नाही आणि मी तो जोडत नाही. पण तिला डोंगरातून बाहेर कुणी काढलं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पाड्यावरच्या आदिवासी माणसांनी कापडाची झोळी करून, चिखलातून, ओढ्यातून तिला खाली आणलं. ज्या आकाशाखाली ही माणसं राहतात तिथे आता जळगाव, धुळे, शिरपूर अशा तीन ठिकाणी मुलं-मुली विमान चालवायला शिकतात. त्यांच्या मांडीवरही टॅबलेट असतो. मी शिकत होते तेव्हा प्रशिक्षक आम्हाला पेन्सिलीने कागदी नकाशावर रेघ मारायला लावायचे आणि तापीचं प्रत्येक वळण ओळखून दाखवायला सांगायचे. आता शिकणाऱ्यांची नजर टॅबलेटवर विमानाची जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्यावर खिळलेली असते. त्यांचा दोष नाही, तो ठिपका बहुतेक वेळा खरंच बोलतो. मात्र जीपीएसला खोटा संकेत देण्याचे प्रकार आपल्या देशात घडले आहेत, ते आपल्या मंत्रालयाने संसदेतच सांगितलं आहे.

म्हणून साहेब, मागणं एकच आहे आणि बाकी सगळं त्यातून येतं : छोट्या विमानातला टॅबलेट हा वैमानिकाच्या खिशातला मोबाइल न समजता विमानाचा भाग समजा. तसं समजलं की तो कुठे बसवायचा, उन्हात किती टिकतो, जीपीएस आहे की नाही, विजेची सोय विमानात आहे की सीटमागे पॉवर बँक लटकते आहे, याची तपासणी आपोआप येईल. लिथियमची बॅटरी तापून पेटली तर दोन माणसांच्या कॉकपिटमध्ये ती विझवायची कुणी, हा प्रश्नही तिथेच येईल. आणि दुसरा आधार म्हणून निघण्याच्या, पोहोचण्याच्या आणि पर्यायी विमानतळाचे छापील चार्ट सोबत असणं, निदान मार्च ते जूनमध्ये, बंधनकारक करता येईल. आठ-दहा कागद. वजन काहीच नाही.

चार्ट ही सरकारी माहिती आहे. विमानतळ प्राधिकरण ती संकेतस्थळावर मोफत देतंच, पण ॲपमध्ये विमानाची जागा दाखवता येईल अशा स्वरूपात ती मिळाली तर छोट्या कंपनीला परदेशी चार्ट कंपन्यांच्या वर्गणीवर अवलंबून राहावं लागणार नाही. अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन डिजिटल चार्ट फुकट उतरवू देतं, आणि त्यांच्या जिवावर तिथे स्वस्त ॲप उभी राहिली. आपल्याकडे ॲप बनवू शकतील अशी मुलं पुण्यात आहेत, जळगावातही आहेत.

सुरुवात धुळ्यापासून करा. जमिनीची मोजणी जिल्ह्याच्या कचेरीत आहे, पवनचक्क्यांच्या जागा आणि उंची त्यांना परवानगी देणाऱ्यांकडे आहेत, मनोऱ्यांची यादी वीज पारेषण कंपनीकडे आहे. हे तीन कागद एका टेबलावर आले की गोंदूरच्या धावपट्टीचा अधिकृत चार्ट तयार होऊ शकतो. पडताळणीसाठी विमानातून कुणी फिरायला हवं असेल तर माझ्या सुट्टीच्या दिवशी मी येते. तो भाग मला खिडकीतून पाठ आहे.

आपली,
चोपडा तालुक्यातली एक वैमानिक