वजन वाढते त्यात नाईट शिफ्टही धरा

महोदय,

लठ्ठपणाच्या कारणांवर अलीकडे बरेच छापून येते. तेल, मैदा, मोबाईल, आळस. ते खरेच आहे, पण नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत राबणाऱ्यांचे एक कारण त्यात कधी दिसत नाही. आमची झोप.

मी 19 वर्षे शिफ्टमध्ये आहे. लागलो तेव्हा 61 किलो होतो, आज 84 आहे. काम बैठे नाही, आठ तास मशीनवर उभा असतो. घात केला तो नाईटने. पहाटे तीनला डोळे मिटू लागले की कॅन्टीनचा चहा आणि समोसा. चहा साखर घालूनच उकळलेला असतो. रात्रीत पाच कप सहज होतात. कपाला दीड चमचा धरला तरी 30 ग्रॅम साखर झाली. दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहिलेले चांगले, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सातला सुटलो की त्रिमूर्ती चौकात मिसळ खायची आणि भरल्या पोटी आडवे व्हायचे. दहाला भंगारवाला ओरडत येतो, मग कुकर, मग शाळेतून आलेली पोरं. चार तास झोप मिळाली तर खूप.

झोप अपुरी राहिली की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटते. शिवाय रात्री इन्सुलिनचा जोर कमी असतो. दुपारी पचते तेच ताट पहाटे खाल्ले, तर रक्तातली साखर जास्त चढते. कारण शरीरात दिवस-रात्रीप्रमाणे चालणारे एक घड्याळ असते; ते कसे चालते याच्या शोधाला 2017 चे नोबेलही मिळाले आहे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी कमरेला टेप लावला. 101 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना 90 च्या आत हवे. ‘जिभेवर ताबा ठेवा, चालायला जा,’ म्हणाले. पाळी कोणती, झोपता किती, हे काही विचारले नाही. मिसळ मला कोणी बळजबरीने खाऊ घातली नाही, हे मी मान्य करतो. पण एकाच लाईनवरच्या इतक्या जणांची पोटे एकदम कशी सुटतात, याचाही विचार व्हावा.

कारखानदारांनी नाईटच्या कॅन्टीनमध्ये बिनसाखरेचा चहा, उसळ-भाकरी, ताक ठेवावे. पाळ्या आठवड्याला बदलू नयेत. आणि वार्षिक तपासणीच्या फॉर्ममध्ये रक्तदाबाच्या रकान्याशेजारी झोपेच्या तासांचा रकाना घालावा.

– एक कामगार, सिडको, नाशिक