लोंढ्याच्या घरात रात्री कोण थांबणार?

खानापूर,
रविवार, रात्र

चि. मेधास अनेक आशीर्वाद.

दुपारी तू जेवणावरून उठून बेळगावला निघून गेलीस आणि आईने तुझ्यासाठी बांधलेला डबा ओट्यावर तसाच राहिला. लोंढ्याला घरातून पळालेल्या मुलांसाठी दुसरे निवारागृह काढायचे ठरले, ही बातमी तू केवढ्या आनंदाने सांगितलीस आणि मी पहिला प्रश्न विचारला, तो हा की तिथे रात्री कोण थांबणार. आधी शाबासकी द्यायला हवी होती. ती आता देतो.

स्टेशनजवळच्या भाड्याच्या दोन खोल्या, सात मुले आणि मागून आणलेली भांडी इथपासून तुमचे काम चौतीस मुलांपर्यंत वाढलेले मी पाहिले आहे. बेळगाव स्टेशनवरचे हमाल मला ‘अक्कांचे वडील’ म्हणून ओळखतात, तेव्हा मला काय वाटते ते मी तुला कधी सांगितले नाही. लोंढ्याची निवडही मला पटते. मिरज, हुबळी आणि गोवा अशा तिन्ही बाजूंच्या गाड्या तिथे मिळतात आणि घरातून पळालेले मूल त्याच फलाटावर गाडी बदलते. सलाम बालक ट्रस्टने 1988 मध्ये दिल्लीत रेल्वे स्टेशनवरच्या मुलांपासूनच सुरुवात केली, हे तूच मला सांगितले होतेस.

परंतु शिकवायला, वह्या वाटायला, वाढदिवसाचे जेवण घालायला माणसे मिळतात. रात्रीसाठी मिळत नाहीत. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सापडलेल्या मुलाला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचे असते, आणि त्या 24 तासांत एक रात्र येतेच.

श्रावणात मी तुमच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा आदल्याच दिवशी आलेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा माझ्या शेजारी झोपला होता. त्याने आपल्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाखाली घेतल्या होत्या. मी दिवा मालवायला उठलो, तर तो डोळे न उघडताच कानडीत म्हणाला, “लाईट आरसब्याड अज्जा.” मालवू नको म्हणाला, म्हणून मी दिवा तसाच ठेवला आणि पहाटेपर्यंत जागा राहिलो.

चपला उशाला घेऊन झोपणारा आणखी एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आपला दिनूकाका. मॅट्रिकला नापास झाल्यावर तो लोंढ्याहूनच रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला आणि अकरा महिन्यांनी परतला. उडपी हॉटेलात कपबशा विसळल्या, रात्रशाळेत इंग्रजी शिकलो, हे तो सगळ्यांना सांगे. झोपत कुठे होता, हे मात्र त्याने काकूलाही कधी सांगितले नाही. शेवटच्या दुखण्यातही त्याच्या उशाखाली चपला होत्या आणि काकूने त्या कधी हलवल्या नाहीत.

म्हणून सांगतो, घरे वाढवण्याची घाई करू नकोस. ज्या मुलाला आई आहे, निदान आजी आहे, त्याला सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेचे दरमहा 4,000 रुपये मिळवून देऊन घरीच राहू देता आले, तर तेही तुमचेच काम वाढणे आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलांचे पुढे काय, याचाही विचार नव्या इमारतीच्या आधी व्हायला हवा. हिशेब दोन्ही घरांचे वेगळे ठेव. देणगीदाराच्या भिडेखातर... असो. तुला हे सारे माझ्याहून अधिक कळते, आणि बत्तीस वर्षे शाळेत बोलत आलेला माणूस पत्रातही तेच करतो. राग मानू नकोस.

खरे लिहायचे तर, रात्रीचा माणूस आला नाही की तूच थांबतेस, हे मला ठाऊक आहे. परवा फोनवर तुझा आवाज बसला होता, तो सर्दीमुळे नव्हता. आता बेळगाव आणि लोंढा अशा दोन ठिकाणी तू एकाच रात्री कशी थांबणार?

आईने जुन्या नऊवारी साड्यांच्या चार गोधड्या शिवून ठेवल्या आहेत. त्या लोंढ्यासाठीच आहेत, हे तिने तुला सांगू दिले नाही. खानापूरहून लोंढा मला जवळ आहे. शनिवार आणि रविवारच्या रात्री मी तिथे थांबू शकतो. मुलांजवळ राहणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी लागते, असे तू म्हणाली होतीस. माझा अर्ज पाठव, मी सही करून देतो. उरलेल्या पाच रात्री कोण थांबणार, तेवढे कळव.

तुझा,
बाबा