सेट म्हणजे बसवणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला होता. गणिताच्या तासाला सेट म्हणजे संच, सर्व्हेच्या तासाला सेटिंग आउट म्हणजे पायाची आखणी, काँक्रीटच्या तासाला सिमेंट सेट होतं. आणि डिक्शनरी उघडली तर त्या एका शब्दाखाली पानंच्या पानं. "मराठी माध्यमातून डिप्लोमाला यायलाच नको होतं," म्हणालीस. ते मला फार लागलं.

पानंच्या पानं आहेत हे खरंच. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सेट या क्रियापदाचे ४३० च्या वर अर्थ आहेत, नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. पुढे रन त्याच्याही वर गेला, ६४५ अर्थांवर. एवढं कुणी पाठ करत नाही गं, इंग्रजांची मुलंसुद्धा.

इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतेय, तर एक वाट दाखवते. सिट म्हणजे बसणे आणि सेट हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आता बघ. सोनार अंगठीत खडा बसवतो, तो सेट करतो. सरकलेलं हाड डॉक्टर बसवतात, तेही सेट. भिंत कुठे बसवायची ते दोरी, खुंट्या आणि फक्कीने जमिनीवर आखायचं, ते तुमचं सेटिंग आउट. बाबा आयुष्यभर हेच करत आलेत, फक्त ते त्याला लाइनआउट म्हणतात.

गणितातला सेट मात्र दुसऱ्या घरातला. तो लॅटिनमधल्या सेक्टा या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. सेक्टा म्हणजे एकामागून चालणारी मंडळी, आणि पंथ या अर्थाचा सेक्टही तिथलाच. पुढे दोघांचं रूप सारखं झालं, एवढंच.

सिमेंटचं जरा सावकाश घे, कारण परीक्षेत तेच विचारतील. तुझं पुस्तक मी दिवाळीत चाळलं होतं. साध्या पोर्टलंड सिमेंटचा सुरुवातीचा सेटिंग टाइम ३० मिनिटांपेक्षा कमी चालत नाही, शेवटचा ६०० मिनिटांपेक्षा जास्त नाही. लॅबमध्ये तुम्ही ते विकॅटच्या सुईने बघता. बाबा मालावर अंगठा दाबतात, ठसा उठेनासा झाला की म्हणतात, "धरलं." तेव्हा सिमेंट कडक झालेलं नसतं, फक्त जागेवर बसलेलं असतं, आता आकार बदलणार नाही. ताकद पुढे येते, म्हणून तर ते पहाटे उठून स्लॅबवर पाणी मारायला जातात. आणि सिमेंटने पाणी घातल्याबरोबर धरू नये म्हणून क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघालेले सिमेंटचे खडे, दळतानाच त्यात जिप्सम घालतात, हे विसरू नकोस.

तुझ्याच तोंडातला एक शब्द सांगू? लागणे. तुला भूक लागते, एसटी लागते, ठेच लागते, निकाल लागतो, शेजारच्या काकू नात्याने मावशी लागतात. विहिरीला पाणी लागतं, विरजण घातलं की दही लागतं. तेच दही इंग्रजीत सेट होतं! यातलं एकही तू पाठ केलं नाहीस. त्या त्या कामाजवळ उभी राहिलीस आणि ते तुला येत गेलं.

अडलेला शब्द रात्री फोनवर सांगत जा, कितीही वाजले तरी.

प्रॅक्टिकलसाठी बाबांनी त्यांचा जुना पितळी ओळंबा चिंचेने घासून ठेवलाय, दोरीही नवी बांधलीय. रविवारी मामाबरोबर पाठवते.

तुझी
आई