‘टेन’ ऐकू आले, त्याबद्दल

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्याला नावाचा गाजावाजा आवडत नाही हे ठाऊक असल्यामुळे ते येथे लिहीत नाही. आभार मात्र उघडपणेच मानायचे आहेत.

प्रवासी विमान संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये उतरवताना शेवटच्या क्षणांत नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे लागलेली असते आणि उंची कानांनीच कळते, विमानातला यांत्रिक आवाज ती फुटांत पुकारतो: फिफ्टी, फोर्टी, थर्टी, ट्वेंटी, टेन. माझ्या विमानात ‘टेन’ कधी येतच नसे. ‘ट्वेंटी’ ऐकू येते न येते तोच चाके आदळत, आणि एअरबसमध्ये साधारण २० फुटांवर येणारी, इंजिनांचा जोर कमी करण्यासाठी थ्रस्ट लिव्हर मागे घेण्याची आठवण देणारी ‘रिटार्ड’ ही हाक त्या आघातात बुडून जाई.

आपल्याआधी मी अनेकांना विचारले होते. ज्यांच्याकडून सिम्युलेटरमधले ते विमान विकत घेतले, त्यांच्या ग्राहक सेवेने तीन वेळा एकच उत्तर पाठवले, की सर्व काही पुन्हा इन्स्टॉल करा. एका जाणकारांनी हवेच्या दाबाचा आकडा तपासायला सांगितला. वास्तविक जमिनीजवळच्या या हाका दाबावर चालणाऱ्या उंचीमापकावरून येत नाहीत, त्या रेडिओ अल्टिमीटरवरून येतात, जो खालच्या जमिनीवर रेडिओलहरी सोडून त्यांच्या परतीवरून उंची काढतो आणि साधारण २५०० फुटांपासून उपयोगी पडतो. आणखी एकांनी मला उतरवताच येत नाही असे सुनावले. तो शब्द फार लागला, कारण मी तो खरा मानला आणि कित्येक आठवडे दोष माझ्या हातांत शोधत बसले.

आपण फक्त एक प्रश्न विचारलात: विमान धावपट्टीवर उभे असताना उंचीचा आकडा किती दिसतो? मी पाहिले, १२ दिसत होता. तेथेच उलगडा झाला. सिम्युलेटर उंची मोजत होता ती विमानाच्या मध्याजवळील संदर्भबिंदूपासून, चाकांपासून नव्हे. त्यामुळे ‘ट्वेंटी’ ऐकू येई तेव्हा चाके जेमतेम आठ फुटांवर असत, आणि ‘टेन’ची वेळ येण्याआधीच ती जमिनीला टेकत. खऱ्या विमानात हे यंत्र असे जुळवलेले असते, की नाक वर उचललेल्या स्थितीत मागची चाके टेकतील तेव्हा आकडा शून्य यावा. म्हणूनच काही विमानांत नाक खाली आल्यावर तो शून्याच्याही किंचित खाली जातो, ही आपण सांगितलेली गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

दुरुस्ती त्यानंतर थोडक्यात झाली. पण हे पत्र मी लिहिते आहे ते त्याच रात्री आपण पाठवलेल्या ध्वनिमुद्रणासाठी. हाका वेळेवर येऊ लागल्या तरी माझे हात गोंधळतच होते, हे मी कळवले होते. त्यावर आपण स्वतःच्या आवाजात ते आकडे दोनदा म्हणून पाठवलेत. पहिल्या वेळी सारे आकडे एकाच ठेक्यात, कारण मिनिटाला ७०० फूट वेगाने खाली येणारे विमान दहा फूट एका सेकंदाहून कमी वेळात ओलांडते. दुसऱ्या वेळी, नाक उचलल्यावर उतरण्याचा वेग मंदावतो तसे, ‘थर्टी’नंतर जरा थांबून ‘ट्वेंटी’, आणि त्याहून अधिक थांबून ‘टेन’. शेवटी एवढेच म्हणालात, की आकड्यांपेक्षा मधले अंतर मोजा, नाक पुरेसे उचलले गेले की नाही ते तेथे कळते. एअरबसमध्ये ५० फुटांखाली चार सेकंदांहून अधिक काळ पुढची हाक आली नाही तर त्या क्षणीची उंची पुन्हा उच्चारली जाते, कारण त्या वेळी विमान धावपट्टीवर तरंगत असते आणि पुढची धावपट्टी संपत असते, हेही मला त्यानंतरच उमगले.

अनोळखी व्यक्तीसाठी रात्री उशिरा, मागच्या खोलीत कोणी झोपलेले असावे अशा दबक्या आवाजात, योग्य जागी थांबत आकडे म्हणणे, यासाठी ज्ञान लागतेच. पण ज्ञान माझ्या आधीच्या सल्लागारांकडेही असेल. समोरच्याला खोटे न ठरवता त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सभ्यता मला आपल्याकडे भेटली. आपण माझ्या चुका मोजल्या नाहीत, माझ्या यंत्राचा आकडा विचारलात.

एक कबुली द्यायची राहिली आहे. आपल्या दुसऱ्या मुद्रणातील पाचही शब्द वेगळे करून मी ते विमानातील मूळ हाकांच्या जागी बसवले आहेत. परवानगी आधी घ्यायला हवी होती. आपली हरकत असल्यास कळवावे, मी ते लगेच काढीन. तोवर माझ्याकडे उतरणाऱ्या प्रत्येक विमानात ‘टेन’ आपल्याच आवाजात ऐकू येत राहील.

आपली कृतज्ञ,
एक सिम्युलेटर वैमानिक