तांबूला शी-शूची शिस्त लावण्याबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापन समिती

विषय : आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला शी-शूची सवय लावण्याची लेखी हमी

सप्रेम नमस्कार,

मंगळवारी सकाळी लिफ्टमध्ये आमच्या तांबूने शू केली, त्याची तक्रार तुमच्यापर्यंत आलीच आहे. पिल्लू आमचं आणि चूकही आमचीच. पाचव्या मजल्यावरच्या आजी फिरायला निघाल्या होत्या, ओल्या फरशीवर त्यांची चप्पल सरकली. लिफ्टचा दांडा हाताला लागला म्हणून सावरल्या. मी लगेच त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "पडले असते तर पुन्हा उभी राहिले नसते गं." ते ऐकल्यापासून मला चैन नाही, म्हणून तोंडी न सांगता लिहून देते आहे.

त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. तांबू साडेतीन महिन्यांचा आहे आणि रात्रभर त्याने धरून ठेवलं होतं. त्याला उचलून खाली न्यायला हवं होतं, मी पट्टा लावून चालवत नेलं. लिफ्ट वर यायला वेळ लागला. तेवढ्यात तो दोनदा नाक जमिनीला लावून स्वतःभोवती फिरला आणि माझ्याकडे बघून कुंईकुंई केलं. त्याच्या परीने त्याने पुरतं सांगितलं होतं. माझं लक्ष फोनमध्ये होतं.

पिल्लाला सवय लावायची म्हणजे आधी माणसाने घड्याळ पाळायचं, हे मला आता नीट कळलं आहे. पशुवैद्यांकडे जाऊन सगळं विचारून आले. साधारण हिशेब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला की तितके तास ते फार तर धरू शकतं. म्हणजे तांबूचे जेमतेम चार तास, तेही झोपेत किंवा शांत पडून असताना. जागा असला, खेळत असला तर तासाभरातसुद्धा लागते. झोपेतून उठल्या उठल्या, खेळ थांबल्यावर आणि खाऊन झाल्यावर पाच ते तीस मिनिटांत जायला लागणार हे धरूनच चालायचं. म्हणून आम्ही त्याच्या खाण्याच्या वेळा ठरवून टाकल्या आहेत. दिवसभर वाडगं भरलेलं ठेवलं की शीची वेळही दिवसभर कधीही, हे आमच्या आधी लक्षात आलं नव्हतं.

घरात सगळ्यांनी वेळा वाटून घेतल्या आहेत. पहाटे मी, दुपारी माझ्या सासूबाई, संध्याकाळी मुलगा आणि रात्री झोपण्याआधी हे. रात्री मधे एकदा गजर लावून मीच उठते. फ्रिजवर कागद लावला आहे, त्यावर प्रत्येक वेळेची नोंद होते : केव्हा नेलं, काय केलं, घरात कुठे चुकलं. चार दिवसांतच त्या कागदावरून त्याचं वेळापत्रक दिसायला लागलं आहे. आमच्यापैकी कुणाचं लक्ष नसेल तेव्हा तो मोकळा फिरणार नाही, त्याच्या कुंपणात राहील. निजायच्या जागी शक्यतो घाण करायची नाही ही कुत्र्याची उपजत वृत्ती आहे, तिचा आधार मिळतो. पण तासन्‌तास कोंडून ठेवलं तर ती वृत्तीही मोडते, म्हणून तिथेही घड्याळ आहेच.

जिना, लॉबी आणि लिफ्ट यांतून तो यापुढे आमच्या कडेवर जाईल. चालवायचं नाही. याला दुसरंही कारण आहे. रेबीजची लस झाली आहे, पण पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारावरच्या लसीचा शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर आहे. तो विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे तोवर इतर कुत्री जातात तिथे त्याला खाली ठेवायचं नाही. हा आजार माणसांना होत नाही, मुलांच्या आईवडिलांनी त्याबद्दल निर्धास्त राहावं. लसीकरणाच्या पुस्तिकेची प्रत सोबत जोडली आहे.

आता एक विनंती. पार्किंगच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे मातीचा जो कोपरा रिकामा आहे, तो तांबूसाठी वापरायची परवानगी द्यावी. जागा रोज तीच असली, पायाखाली तीच माती आणि नाकाला तोच वास असला, की पिल्लाला "इथे करायचं" हे लवकर समजतं. मुलं तिथे खेळत नाहीत हे मी बघून ठेवलं आहे. शी झाली की त्याच क्षणी पिशवीत भरून कचऱ्यात जाईल. हे केवळ दिसायला बरं म्हणून नाही. कुत्र्याच्या शीतून जंतांची अंडी पडू शकतात आणि मातीत काही आठवडे राहिल्यावर ती माणसाला बाधू लागतात. ताजी असताना उचलली तर तो धोका उरत नाही. जंताचं औषधही त्याला वेळेवर देतो आहोत.

दुसरी विनंती सफाईच्या मावशींबद्दल. आमच्या पिल्लाची घाण त्यांनी पुसू नये, ते काम आमचं. चुकून कधी लॉबीत काही झालंच तर आम्हाला फोन करावा, आम्ही दहा मिनिटांत साफ करू. आम्ही पुसायला वासाचं मूळच तोडणारं, एन्झाइम असलेलं द्रावण आणलं आहे. फिनाईलने आपल्याला वास येईनासा होतो, कुत्र्याच्या नाकाला मात्र येत राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. अमोनिया असलेलं काही तर अजिबात नको, त्याला लघवीसारखाच वास येतो. आणि लघवीवर थेट ब्लीच ओतलं तर घशाला झोंबणारा वायू निघतो, बंद लिफ्टमध्ये ते पुसणाऱ्याच्याच अंगावर येईल.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण लिहिते. काही शेजाऱ्यांनी आपुलकीने सांगितलं, की त्याचं नाक त्यात घासा, दोन फटके द्या, आठवड्यात सुधारेल. मी तसं करणार नाही. झाल्यावर ओरडलं तर पिल्लू "इथे करू नये" हे शिकत नाही, "माणसासमोर करू नये" हे शिकतं. मग ते सोफ्यामागे लपून करतं आणि बाहेर नेलं तरी आपल्यासमोर करत नाही. बरोबर जागी केलं की तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत, शाबासकी आणि खाऊ, हेच मी करते आहे. घरी येऊन दिलेला खाऊ त्याला घरी आल्याचा वाटतो. तांबूला लॉबीत बघून कुणी मोठ्याने दरडावू नये, एवढंच मागणं आहे. काही पिल्लं घाबरून किंवा अति आनंदाने थेंब थेंब सोडतात, तेव्हा दरडावल्याने ते वाढतंच.

हे किती दिवसांत होईल? खोटं आश्वासन देणार नाही. पिल्लू पूर्ण विश्वासाचं व्हायला बहुधा चार ते सहा महिने लागतात, काहींना वर्षही लागतं. वयात येताना पुन्हा चुकाही होतात. पण सामायिक जागेतल्या चुका आजपासून थांबवणं माझ्या हातात आहे, कारण तिथे तो कडेवर असेल. मला तीन महिने द्यावेत. दर महिन्याच्या सभेला मी फ्रिजवरचा कागद घेऊन येईन, तुम्ही तपासा. शिस्तीत असूनही घरात चुका अचानक वाढल्या तर मूत्रमार्गाचा संसर्ग तर नाही ना, हे आधी तपासून घेईन. आणि तीन महिन्यांनंतरही लॉबीत किंवा लिफ्टमध्ये घाण होत राहिली तर प्रशिक्षक लावीन आणि समिती जो दंड ठरवेल तो भरीन.

त्याला सोडून द्या, असं मात्र कृपया सुचवू नका. तो आमच्या घरात आला तेव्हा माझ्या दोन तळव्यांत मावत होता. आता त्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची होऊ शकत नाही.

आजींसाठी लिफ्टमध्ये न घसरणारी रबरी चटई आमच्या खर्चाने टाकायची तयारी आहे. तुमची हरकत नसेल तर येत्या रविवारी बसवून घेते. माप घेऊन ठेवलं आहे.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी

सोबत : लसीकरण पुस्तिकेची प्रत