ताई, त्या एका थेंबासाठी

ताई,

काल रात्री गांजाच्या फुलांच्या बरणीचं झाकण उघडलं. तीन आठवडे रोजच उघडतोय, तुम्ही सांगितलं तसं, आतली दमट हवा निघून जावी म्हणून. सुरुवातीला नुसता वाळल्या गवताचा वास यायचा. काल मात्र मिरी, ओली माती आणि नुकतंच चिरलेलं लाकूड, असा दादाच्या खोलीतला वास अंगावर आला आणि मी बरणी मांडीवर घेऊन जमिनीवरच बसलो. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. तो वास या घरात परत येईल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

समोर उभं राहून हे बोलायला गेलो की माझा गळा दाटतो, ते तुम्ही पाहिलंय. म्हणून लिहितोय, आणि उघड लिहितोय, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं. आम्ही राहतो तिथे घरी गांजाची मोजकी झाडं लावायची कायद्यानं मुभा आहे. सगळीकडे तशी नाही, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

दादाच्या कपाटात कॅमेऱ्याच्या रोलची एक जुनी डबी होती. आत नऊ बिया, ओल धरू नये म्हणून घातलेले तांदळाचे चार दाणे आणि त्याच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘जुनं वाण. ठेंगणं. फार जोरदार. जपून.’ दादाला या झाडाचं भारी कौतुक. १७८५ साली लामार्कनं भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’ हे नाव दिलं, हे तो येईल त्याला सांगायचा. आपल्या मेंदूतच तयार होणारं, गांजातल्या द्रव्यासारखं काम करणारं एक रसायन १९९२ साली सापडलं आणि त्याचं नाव ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड ठेवलं, हे सांगताना तर त्याचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. त्याच्यामागे राहिल्या त्या या नऊ बिया. विकत मिळणारं वाण नव्हतं ते. गेलं की गेलं.

त्यातल्या चार मी स्वतः घालवल्या. दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या, वर रोज कुंडीत पाणी ओतत राहिलो. जुन्या बिया आधीच अशक्त, त्या कुजल्या. मग मी जाणकार म्हणवणाऱ्यांकडे गेलो. एकानं डबीकडे बघितलंही नाही, ‘टाकून द्या हो, नवीन बी मागवा, याहून कडक मिळेल’ म्हणाला. दुसऱ्यानं खताच्या तीन बाटल्या गळ्यात मारल्या आणि झाडाला ताकद यातूनच येते असं छातीठोक सांगितलं. रोप नाही, पान नाही, आणि खताच्या बाटल्या! तिसरा घरी आला. दोन बिया त्यानं लावल्या. एक उगवलीच नाही. दुसरी उगवली, पण डोक्यावर टरफल तसंच घट्ट बसलेलं. त्यानं चिमटा काढला, ओढलं आणि मान मोडली. ‘होतं असं’ म्हणाला आणि हात पुसून निघून गेला. त्या माणसाचा मला अजून राग आहे. चूक कोणाचीही होते, पण त्याला ते रोप म्हणजे काय हे विचारावंसंही वाटलं नाही.

तुम्ही विचारलंत. उरलेल्या तीन बिया तुमच्यापुढे ठेवल्या तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, ‘कोणाच्या आहेत या?’ कुठलं वाण, नशेचं द्रव्य किती टक्के, हे नंतर.

मग ती सकाळ. तीनपैकी एक बी रुजलंच नाही, एक नीट वर आलं, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर पुन्हा तेच टरफल. मी तुम्हाला फोन केला तेव्हा माझा आवाज काय झाला होता कोण जाणे, तुम्ही घरातल्या चपला घालूनच आलात. मी चिमटा शोधून ठेवला होता. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि काही न बोलता खिडकीच्या कडेला ठेवून दिलात. काडीच्या टोकावर पाण्याचा एक थेंब घेतलात, टरफलावर टेकवलात. आणि बसून राहिलात.

मला वाटलं, झालं, आता निघाल. तुम्ही निघाला नाहीत. थोड्या वेळानं दुसरा थेंब. मग तिसरा. मधे तुम्ही मला दादाबद्दल विचारत होतात, तो हसायचा कसा, झाडांशी बोलायचा का. मी बोलत होतो आणि तुमची नजर त्या इवल्या रोपावर. पाऊण तास गेला असेल. टरफल मऊ पडलं, कडेनं उकललं, आतल्या पातळ पापुद्र्याला तुम्ही काडीचं टोक जेमतेम लावलंत आणि दोन पिवळट पानं हात जोडल्यासारखी बाहेर आली. तुम्ही श्वास सोडलात. तोवर रोखून धरला होता हे मला तेव्हा कळलं.

पुढचे चार महिने तुम्ही जे केलंत ते थोडं नाही, पण माझ्या मनात ती सकाळच राहिली आहे. पाऊण तास. दादा गेल्यापासून माझ्या कुठल्याही गोष्टीसाठी इतका वेळ कोणी नुसतं थांबलं नव्हतं.

तेच रोप मादी निघालं. पेरापाशी दोन पांढरे केस दिसले आणि तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत, ‘तुम्हीच बघा, तुमची आहे ती.’ दुसऱ्याच्या पेरांवर गोल गाठी धरल्या, म्हणजे तो नर. मी तो उपटायला निघालो होतो. नराचे पराग उडाले की मादीची सगळी फुलं बियांत जातात, एवढं मी ऐकलं होतं. तुम्ही तो उचलून आपल्या घरी नेलात, त्याचे पराग कागदावर झाडून घेतलेत, कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवलेत. का, हे तेव्हा सांगितलं नाहीत.

बाटल्यांबद्दल तुम्ही एवढंच म्हणालात, ‘जोर बीमध्ये असतो. आपण फक्त आड यायचं नाही.’ आणि खरंच, उजेड, कोरडी हवा, फुलोऱ्याच्या दिवसांत रोज बारा तास पक्का अंधार, एवढ्यावर ते झाड कमरेइतकं, रुंद पानांचं, घट्ट फुलांचं झालं. फुलांवरचे राळेचे कण दुधी होईपर्यंत तुम्ही मला कापू दिलं नाहीत. शेवटच्या आठवड्यात वरच्या मोठ्या फुलात करडी बुरशी धरली, कारण फुलं इतकी दाट की आत हवा खेळत नाही. ते कापताना मी रडलो. ‘मी सांगितलं होतं, दाटी कमी करा’ असं म्हणायचा तुमचा हक्क होता, कारण तुम्ही खरंच सांगितलं होतं. तुम्ही ते वाक्य उच्चारलं नाहीत. बुरशीच्या खाली चांगलं चार बोटं निरोगी भागापर्यंत कापलंत, कात्री स्पिरिटनं पुसलीत आणि पुढच्या फांदीकडे वळलात.

शहाणपण सांगणारे पुष्कळ भेटतात, ताई. दुसऱ्याच्या दुःखाशेजारी आपलं शहाणपण गप्प ठेवणारं माणूस मला तुमच्यात पहिल्यांदा दिसलं. हे कुणी शिकवत असेल असं वाटत नाही.

काल त्यातलं अगदी थोडं घेतलं, तुम्ही बजावलं होतं तेवढंच, आणि मग वाट पाहिली. चिठ्ठीतलं ‘जपून’ खोटं नव्हतं. अंग जड झालं, खांदे सैल पडले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा दादाची आठवण आली तरी छाती आवळली नाही.

आज सकाळी मी ती खालची फांदी सोलली, तुम्ही दोऱ्यानं खूण बांधलेली. तिच्यावर तुम्ही कुंचल्यानं नराचे पराग लावले होते, ते का हे आता कळलं. अकरा बिया निघाल्या, करड्या, वर गडद रेषा असलेल्या, दादाच्या डबीतल्या होत्या तशाच. पाच त्याच डबीत ठेवल्यात, तांदळाच्या दाण्यांसकट. सहा तुमच्या आहेत. संध्याकाळी घेऊन येतो. तो चिमटा अजून खिडकीच्या कडेलाच आहे, मी उचललेला नाही.

तुमचा,
दादाचा धाकटा भाऊ