सूचना : जुन्या शाळांच्या आठवणी, रविवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार.

गोव्यातल्या फोंड्याच्या जुन्या शाळांविषयीची बैठक येत्या रविवारी दुपारी ४ वाजता वाचनालयाच्या माडीवर होईल. गेल्या वेळी निम्मे जण जत्रेला गेले होते, म्हणून पुन्हा आठवण.

विषय १९११ पासून धरू. पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आलं, त्यांच्या ताब्यातल्या गोव्यात हिंदूंवरची बंधनं सैल झाली आणि पुढच्याच वर्षी फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ ही शिक्षणसंस्था उभी राहिली. पणजीत मुष्टिफंड ही संस्था त्याआधीच, १९०८ मध्ये सुरू झाली होती. घरोघरी मूठभर तांदूळ बाजूला काढून शाळा चालवायची, ही कल्पनाच मला अजून भारी वाटते!

पण त्याआधीचं काय? देवळाची अग्रशाळा (भाविकांच्या उतरायची जागा), कुणाची तरी ओसरी, समोर धूळपाटी, आणि मास्तर म्हणजे शेणैमाम. त्या काळाचे कागद फारसे हाती लागत नाहीत, म्हणून तुमच्या घरातल्या वस्तूच हव्यात. आमच्याकडे आजीची दगडी पाटी आहे. एक कोपरा उडालाय, लाकडी चौकटीवर तिचं नाव खिळ्याने कोरलंय. ती घेऊन येतो.

सेगुंद ग्रावचे (पोर्तुगीज प्राथमिक परीक्षेचे) दाखले, १९६१ आधीचे, म्हणजे गोवा मुक्तीपूर्वीचे वर्गाचे फोटो, प्रगतिपुस्तकं असतील ती आणा. मूळ प्रती आम्ही ठेवून घेणार नाही, तिथंच मोबाइलवर टिपून परत देऊ. फोटोमागे पेनाने काही लिहू नका, शाई पुढे उमटते.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा. चहा-भज्यांचा अंदाज घ्यायचा आहे.

– चिटणीस